मोरीतली चित्रं कुनी काढली

मोरीच्या भिंतीवर चित्रंच न्हवती. कुनीतरी पानी मारून, खरवडून, भिंत धुऊन काढलती. कोमल घरात न्हाई, तिची आई न्हाई, मागचं दार उघडं.

ती चित्रं मीच चिकटवलती. आमच्या सेंटरचं काम म्हंजे समज कमी असलेल्या लेकरांच्या घरी जायाचं अन् रोजचं काम तुकडे तुकडे करून शिकवायचं. कोमल वयात आलेली, समज मातर बारक्या लेकरावानी. पाळीत पॅड कसं बदलायचं, त्याची एकामागं एक चित्रं. निम्मी तिला आलती. मी आठवी नापास, पन माझी पोरगी ईश्वरी तशीच हाय म्हून मला ह्या कामावर घेतलं.

पुढं कोमलच्या बापाचं किराना दुकान. इचारलं तर साखर जोखता जोखता म्हनले, मामाच्या गावाला गेल्यात. वर बगितलंच न्हाई. मामाच्या गावाला गेल्या तर चित्रं कावून काढली? पाळीच येनार नसंल तरच चित्रं लागत न्हाईत. अन् मंग मला आठवलं, कोमलची आई, काकू, मागं इचारत हुत्या, पिशवी काढली की पाळी कायमची जाती ना गं. पिशवी म्हंजे गर्भाची. आमच्याकडं लई बायांची काढलेली हाय. मला वाटलं, सोतासाठी इचारत्यात.

स्टँडकडं पळत पळतच सेंटरच्या मॅडमला फोन लावला. मॅडम म्हनल्या, "घरच्यांशी भांडू नकोस. दार बंद झालं तर कोमल आपल्याला दिसायची पण नाही. मी सोमवारी येते." सोमवारपस्तोर काय राहतंय. मला तर मॅडमचाच संशय आला, दुकानदारानं आधीच फोन केला की काय.

तलवाड्याच्या स्टँडवर गेवराईची जीप भरत हुती. खिडकीत कोमल, केसाला नवी चिमटी. मला बगून हात हलवला.

"ताई, सुई टोचनार. मी रडनार न्हाई."

काकू खाली उतरल्या, मला दंडाला धरून टपरीच्या मागं नेलं. मी धापा टाकत म्हनले, निम्मं शिकली ती, दोन पाळ्या थांबा, सगळं येतंय बगा.

"तुझ्या चित्रानं पाळी कळंल तिला," काकू म्हनल्या. "मानूस कळंल का?"

मला काय उमगंना. मंग त्या खाली बगून बोलल्या. ती चिमटी कुनी देली इचारलं तर पोरगी निसती हसती. चुलता सारखा घरात, काकू मळ्यात गेल्या की हमखास. डोळ्यानं बगितलं न्हाई, पन आईला कळतंय. उद्या पोट दिसलं तर गावात राहता येनार न्हाई, म्हून मालकानं ठरवलं.

मी म्हनले, "काकू, पिशवी काढल्यावर तो यायचा थांबन का? निसतं पोट दिसनार न्हाई. म्हंजे त्यालाच रान मोकळं."

जीपवाला हॉर्न वाजवाया लागला, आवो मावशी, येताव का जाऊ. काकूनं जाऊन कोमलला खाली वढलं. ती रडाया लागली, तिला जीपात बसायचं हुतं. मंग काकूनं माझं मनगाट धरलं.

"ईश्वरीची आन घे. कुनाला बोलायचं न्हाई."

मी घेतली. काय करनार, त्या परत जीपात चढल्या असत्या.

पन ट्रेनिंगात सांगितलेलं डोक्यातून जाईना. लेकराच्या बाबतीत असलं कळूनबी गप बसलं तर तो गुन्हाच. दिवस मावळायच्या आत मॅडमला समदं सांगितलं. मॅडमनं सोमवारची वाट बगितली न्हाई. दुसऱ्या दिशी पोलीस बाई अन् सायेब लोक आले. कोमल आता आईकडच्या आज्याकडं हाय, ऑपरेशन टळलं. चुलत्याची चौकशी चालू हाय. दुकानात मला सामान देत न्हाईत. काकू रस्त्यात दिसल्या की पदर वढून तोंड फिरवत्यात.

त्याच आठवड्यात ईश्वरीला ताप भरला. सासू म्हनली, आन मोडली म्हून. डाक्टर म्हनला, साथ हाय. उतरला ताप, पन मी कुनावरच भरवसा ठेवत न्हाई आता. तिला कुनी बिस्कूट देलं तरी आदी देनाऱ्याचा हात बगते, मंग तोंड.

एकीची पोर वाचवाया सोताच्या पोरीची आन मोडली मी. तुमी आई असता, तर मोडली असती का?