पोचल्याचा फोन येईपर्यंत

रिक्षा दारात उभी होती, आईनं माझ्या हातावर दही घातलं होतं, आणि माझी धाकटी बहीण, कामसू कुठली, केरसुणी घेऊन खोली झाडायला वाकली. आईनं ती तिच्या हातातून हिसकावूनच घेतली. "पोचू दे की तिला आधी! माणूस बाहेर पडलं की लगेच घर झाडतंय का कुणी?"

सचिनला, माझ्या नवऱ्याला, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, म्हणून मी सोलापूर सोडत होते. दुसऱ्या दिवशी चेन्नई सेंट्रलला उतरून फोन केला, तर आई म्हणाली, "बरं झालं बाई. आता केर काढते." मी परक्या गावात सामान घेऊन उभी आणि हिला केराची पडली होती, म्हणून मी चिडलेच.

तिकडे सोलापुरात राहिलेल्या तुम्ही मैत्रिणी, आणि माझ्यासारख्या कुठल्याकुठे जाऊन पडलेल्या तुम्हीही, नेहमी विचारता की तिथं करतेस तरी काय. सांगते. चेन्नईतच शोळिंगनल्लूरजवळच्या एका कॉलेजात मी अ‍ॅडमिशन आणि स्कॉलरशिप विभागात आहे. तमिळ अजून धड येत नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या पालकांचे फोन माझ्याकडे. प्रवेश झालाय, स्कॉलरशिप मंजूर आहे, तरी घरचे पोरीला पाठवायला तयार नाहीत, अशांशी बोलायचं. माझा स्वतःचा जीव अजून सोलापुरात अडकलेला, आणि लोकांच्या पोरींना गाव सोडायला मी लावायचं. आहे की नाही गंमत?

गेल्या वर्षी आम्हा सगळ्यांना अड्यारला ट्रेनिंगला बसवलं. शेवटी प्रत्येकानं ट्रेनर मॅडमसमोर एका पालकांना खराखुरा फोन करायचा, आणि त्यावर माझी कंत्राटी नोकरी पक्की होणार की संपणार हे ठरणार होतं. मॅडमचे नियम पाठ केले होते. स्कॉलरशिप कशामुळे बंद होऊ शकते तेही आधीच स्पष्ट सांगायचं. 'काळजी करू नका' असं म्हणायचं नाही, त्यानं काळजी जात नाही. आणि स्वतःच्या घरच्या गोष्टी मधे आणायच्या नाहीत. शेजारी बसलेली सेल्वी, आमच्या ऑफिसातली जुनी जाणती, मला दिवसभर "कवलैपडादे मा" म्हणत होती. म्हणजे काळजी करू नकोस. मॅडमचं खरंच होतं, काळजी काही गेली नाही.

माझा फोन उमरग्याला लागला. रेणुका नावाच्या मुलीची आई. मॅडमना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, त्या कानाला हेडफोन लावून नुसता माझा सूर ऐकत होत्या. मी हॉस्टेल, मेस, स्कॉलरशिपच्या अटी, सगळं नीट सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते समदं खरं मॅडम. पण पोरगी तापली तर कपाळावर हात कोण ठेवणार? तुमचं माहेर सोलापूर म्हणता. तुमची आई कशी राहतीय तुमच्याबिगर?"

याचं उत्तर ट्रेनिंगमध्ये नव्हतं. मॅडमचं पेन वर थांबलेलं. नोकरी गेली, असं मनात आलं आणि तोंडातून भलतंच गेलं. "मी माहेराहून निघाले की आई अजून माझ्यामागं केर काढत नाही हो. मी इथं पोचल्याचा फोन करेपर्यंत घर तसंच ठेवते."

मग बाई हसल्या की रडल्या, कळलं नाही. "आमच्यातबी तसंच आहे," म्हणाल्या. "यांना विचारून कळवते."

मॅडमनी विचारलं, काय बोललात? खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. सेल्वी मागून पुटपुटली, "एंग वीट्लयुम अप्पडिदान." आमच्या घरीही असंच. मॅडम मात्र नियमाच्या पक्क्या. मार्क कापले, आणि म्हणाल्या, मुलगी आली तर तुमचं बघू.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. माझी नोकरी आता त्या पोरीच्या येण्यावर टांगलेली. ती यावी म्हणून देवाला हात जोडायचे, आणि जोडतानाच लाज वाटायची. ती माझ्या शब्दावर आली आणि इथं झुरायला लागली तर? मी तरी सुरुवातीला बाथरूममध्ये नळ सोडून रडतच होते ना!

रेणुका आली. माझी नोकरी पक्की झाली. तिच्या आईनं ऑफिसात येऊन माझ्याकडे नुसतं निरखून पाहिलं आणि लेकीचा हात माझ्या हातात दिला. तेव्हापासून माझी काळजी दुप्पट झाली. पाऊस झोडपू लागला की हॉस्टेलला फोन, पोरगी तापली की मी डब्यात मऊ भात घेऊन हजर. कपाळावर हात ठेवायला कुणीतरी हवं होतं ना.

पहिल्या सुट्टीला ती गावी निघाली, ती आमच्याकडूनच. मी तिच्या हातावर दही घातलं. सेंट्रलला गाडीत बसवून परत आले, तर रविवार म्हणून सचिननं झाडू हातात घेतलेला. मी दारातूनच ओरडले, "ठेव तो! पोचू दे तिला!" त्यानं झाडू परत कोपऱ्यात ठेवला.

इतकी वर्षं घर म्हणजे सोलापूर होतं. हा आमचा फ्लॅट. भाड्याचा, तिसऱ्या मजल्यावरचा. जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून आईला फोन लावला. काय करतेस, तिनं विचारलं. म्हटलं, "काही नाही गं. घर झाडायचं राहिलंय अजून."

आई म्हणाली, "कोण गेलंय गं?"