थोरली, मधली, धाकटी आणि एक ओटा

श्यामला पोंक्षे विश्रांतवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यात त्या तंत्रज्ञ होत्या. खात्यात बायका पुष्कळ होत्या, पण बहुतेक जणी बोर्डावर बसून नंबर जोडून द्यायच्या. श्यामलाताई यंत्रांच्या हॉलमध्ये होत्या. जुन्या एक्स्चेंजमध्ये उंच कपाटांच्या रांगा असत आणि त्यांत हजारो रिले. रिले म्हणजे विजेवर हलणारा बोटाएवढा खटका. शहरात कुणी फोन फिरवला की इथं एकामागून एक खटके पडत जायचे आणि एक घर दुसऱ्या घराला जोडलं जायचं. कुठल्या रांगेत काय अडकलंय हे त्या नुसत्या आवाजावरून सांगायच्या. पुढं सगळं इलेक्ट्रॉनिक झालं. कपाटं भंगारात गेली, हॉलमध्ये एसीची घरघर तेवढी राहिली. उरलेली नोकरी त्यांनी संगणकासमोर बसून केली आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली तेव्हा मागेपुढे न बघता अर्ज देऊन टाकला.

त्यांचे यजमान अवधूतराव. मंडईजवळ त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे: मेथी-पालकाचं बी, खुरपी, झाऱ्या, कुंड्या. बोलणं कमी, पण जे बोलतील त्याला चिमटा असणारच. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी तोंड उघडलं की अध्यक्ष आधीच हसून घेतात.

निवृत्तीनंतर वर्षभर श्यामलाताईंनी घरातलं सगळं दुरुस्त केलं. मिक्सर झाला, गीझर झाला, माझ्या शिलाईयंत्राची मोटर झाली. मग दुरुस्त करायला काही उरलं नाही. त्या गॅलरीत बसून शब्दकोडी सोडवायच्या आणि कोडं अर्ध्यावर टाकून उठायच्या.

अशात एक दिवस बद्रीनाथचा फोन आला. बद्रीनाथ त्यांच्याच हॉलमधला जुना सहकारी. निवृत्तीनंतर तो भवानी पेठेतल्या भंगारवाल्यांकडे तांब्याच्या तारेचे सौदे करून द्यायचा.

"मॅडम, आपले रिले सापडलेत," तो म्हणाला. "कशात आहेत ते मला कळत नाही. तुम्ही या."

ते एक पिनबॉल होतं. गुजरातेत अलंगला मोडलेल्या कुठल्याशा बोटीवरचं, खलाशांच्या करमणुकीच्या खोलीतलं. तिरप्या टेबलासारखी पेटी, वर काच, आत खांब, घंट्या आणि खाली दोन छोटे हात. स्प्रिंगनं गोळी वर मारायची आणि ती खाली येऊन भोकात पडू नये म्हणून त्या हातांनी परत परत उडवायची, एवढाच खेळ. गोळी खांबाला लागली की घंटा वाजते आणि गुणांची चाकं फिरतात. म्हणजे फिरायला हवीत. यातलं काहीच फिरत नव्हतं. काचेवरच्या चित्रातल्या सर्कसवालीचा एक पाय झडून गेला होता आणि पेटीत उंदरांनी संसार मांडला होता.

श्यामलाताईंनी मागची फळी काढली. आत रिलेच रिले. रांगेनं बसवलेले, कापडी वेष्टणाच्या तारांनी बांधलेले. त्यांनी एक खटका बोटानं दाबला आणि सोडला. टक्. त्यांनी दुसरा दाबला.

"किती मागतोय?" त्यांनी बद्रीनाथला विचारलं. भंगारवाल्यानं त्यांचा चेहरा पाहून भाव लगेच वाढवला. त्यांनी घासाघीस केली नाही.

मुलीचं, वल्लरीचं, लग्न झाल्यापासून मागची खोली रिकामी होती. मशीन तिथं आलं. अवधूतराव दुकानातून आले, चप्पल काढता काढता थबकले आणि म्हणाले, "तिरडी कुणाची?"

"पिनबॉल आहे."

"बरं. मला वाटलं, माझी तयारी चाललीय."

पुढचे चार महिने मागच्या खोलीतून पॉलिश पेपरचा आणि सोल्डरिंगचा वास येत राहिला. श्यामलाताईंनी एकेका खटक्याची टोकं घासली. मशीन परदेशी विजेवरचं, म्हणून बुधवार पेठेतून ट्रान्सफॉर्मर आणला. रबरी कड्या इथं मिळेनात, तेव्हा वल्लरीच्या ऑफिसातल्या कुणी अमेरिकेहून येताना सामानातून आणल्या. सर्कसवालीला नवा पाय एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं दिला. त्याला कामच मिळत नव्हतं. त्यानं इतक्या हौसेनं रंगवलं की बाईच्या पायात पैंजणही घातले.

आणि मग एका दुपारी माझ्या पायाखालून घंटांचा आवाज आला. मी खाली धावले. श्यामलाताई मशीनपुढं उभ्या होत्या, केस विस्कटलेले, हाताला ग्रीस. गोळी खांबांमध्ये नुसती नाचत होती, दिवे लागत होते आणि गुणांची चाकं खडखडत फिरत होती.

"ऐका," त्या मला म्हणाल्या. "हा आवाज ऐका. अगदी आमच्या हॉलसारखा."

संध्याकाळी अवधूतराव खेळले. गोळी पडायला आली की ते पेटीला कंबरेनं ढकलायचे. तिसऱ्या ढकलण्याला सगळे दिवे गेले आणि खेळ थांबला. जास्त हलवलं तर मशीन बंद पडतं, तशी आत सोयच असते.

"पुण्यातलंच दिसतंय," अवधूतराव म्हणाले. "जरा धक्का लागला की बोलणं बंद." आणि परत खेळायला उभे राहिले.

इथं थांबल्या असत्या तर हौस होती असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण काम संपलं आणि श्यामलाताईंना परत गॅलरी दिसायला लागली. म्हणून त्यांनी दुसरं मशीन शोधलं. ते कोचीच्या एका बंद पडलेल्या क्लबात होतं. ते बघायला जाणं, आणणं, त्याची वाळवीनं खाल्लेली पेटी नव्यानं सागवानात करून घेणं. पहिल्याच्या कितीतरी पट खर्च. तिसरं परदेशातून मागवलं. ते बंदरात अडकलं आणि सोडवून घेताना जेवढं मशीन तेवढाच कर बसला. अवधूतरावांनी तिन्ही मशिनांना नावं दिली: थोरली, मधली, धाकटी. कोचीची मधली त्यांची विशेष लाडकी. दुकानातून आले की हातपाय धुऊन, चहाच्या आधी, मधलीवर एक डाव. वरून घंटा ऐकून मी कुकर लावायची.

आता ओट्याचं सांगते. पोंक्ष्यांच्या स्वयंपाकघराचा ओटा चिरलेला होता, खालची फडताळं फुगली होती. नवा ओटा करायचा म्हणून दोघांनी मिळून बँकेत ठेव ठेवली होती. धाकटी बंदरात अडकली तेव्हा श्यामलाताईंनी ती ठेव मोडली. नवऱ्याला सांगायचं त्यांच्या मनात होतं. आज सांगू, उद्या सांगू, धाकटी चालू झाली की सांगू, असं करता करता राहून गेलं.

ठेवीची मुदत संपत आली असेल म्हणून अवधूतराव बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "काका, ही तर मागेच मोडलीय."

ते घरी आले आणि काहीच बोलले नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं, तरी बोलले नाहीत. अध्यक्षांनी पार्किंगवर लांबलचक भाषण केलं, तरी बोलले नाहीत. मधलीची घंटाही वाजेना. श्यामलाताई वर येऊन मला म्हणाल्या, "अहो, हे टोमणे मारत नाहीयेत. डॉक्टरांना दाखवू का?"

शेवटी त्यांनीच विचारलं. अवधूतराव पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ठेवीवर 'दोघांपैकी कोणीही' असं लिहून दिलं होतं. ते मी गेल्यावर तुझी अडचण होऊ नये म्हणून. मी अजून आहे."

श्यामलाताईंचे डोळे भरून आले. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "मला सांगायचं होतं."

"ओटा गेला तर गेला. तीस वर्षं चिरलेल्यावरच भाकऱ्या खातोय. पण ते मला बँकेतल्या पोरीकडून कळावं?"

एवढं बोलून त्यांनी पेपर उलटला. श्यामलाताई मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि तिथंच त्यांनी ठरवलं की एक मशीन विकायचं.

गिऱ्हाईक वल्लरीनं शोधलं. पुष्कर नावाचा तिच्या ओळखीचा मुलगा, कल्याणीनगरात त्याचा कॅफे. तो आला, तिन्ही मशिनं खेळून पाहिली आणि मधलीसमोर उभा राहिला. "काकू, ही एकदम क्लासी आहे. हीच देता का?" श्यामलाताईंनी चटकन हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी, अवधूतराव दुकानात असताना, टेम्पो आला. मधली गेली. श्यामलाताई सरळ बँकेत गेल्या आणि ओट्याची ठेव पुन्हा केली. मी त्यांना जिन्यात भेटले तेव्हा त्या फार हलक्या दिसत होत्या. मला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, रडू येईल. नाही आलं. तिच्यातलं माझं काम संपलं होतं. सांभाळत बसण्यात मला काही मजा नाही हो, मला उघडण्यात मजा."

संध्याकाळी अवधूतराव आले. भांडण मिटवावं असं त्यांनीही वाटेत ठरवलं असावं, कारण त्या दिवशी त्यांच्या हातात चितळ्यांची बाकरवडी होती. हातपाय धुऊन ते मागच्या खोलीत गेले.

"मधली कुठंय?"

"विकली," श्यामलाताई आनंदानं म्हणाल्या. "ओट्याचे पैसे परत ठेवले बँकेत. आज दुपारीच."

"मला विचारलंस?"

श्यामलाताईंना हसू फुटलं. आधी त्यांनी ते पदरात दाबायला पाहिलं, मग जमेना, मग त्या धाकटीच्या काचेवर डोकं टेकून हसायला लागल्या. अवधूतराव गंभीर चेहऱ्यानं दारात उभे होते. "मी तिच्यावर कालपर्यंत रुसलो होतो," ते म्हणाले. "आज बोलायचं म्हणून आलो, तर ही नांदायला गेली." आणि मग तेही हसले. ते हसणं मला वर ऐकू आलं.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी अवधूतराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. "लेकीच्या घरी जाऊन येऊ," म्हणाले. वल्लरीकडे जायचंय असं मला वाटलं. दोघं रिक्षा करून कल्याणीनगरला गेली.

कॅफेत मधली भिंतीशी उभी होती. तिच्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला आणि काचेवर कुणाचा तरी कोल्ड कॉफीचा ग्लास. अवधूतरावांनी तो ग्लास उचलला, शेजारच्या टेबलावरच्या मुलापुढं ठेवला आणि म्हणाले, "आपला वाटतं. इथं विसरलात." तो मुलगा उभाच राहिला.

पुष्कर धावत आला. "काकू, सॉरी, कालपासून डावा हात हलतच नाहीये. मी फोन करणारच होतो."

श्यामलाताईंनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर आणि छोटी कानस काढली. पर्समध्ये ते कायमच असतं. काच सरकवून त्या आत वाकल्या. बटणात कॉफी गेली होती आणि एक पट्टी वाकली होती. त्या काम करत असताना आजूबाजूची पोरं लॅपटॉप सोडून भोवती जमली. कुणीतरी विचारलं, हे कशावर चालतं, यात चिप कुठाय? त्या वर न बघता सांगत गेल्या: हा खटका पडला की तो उचलला जातो, तो उचलला की घंटा. एका मुलीनं खटका दाबून पाहिला, मग सगळ्यांनाच दाबून पाहायचा होता.

डावा हात हलायला लागला. पहिला डाव अर्थातच अवधूतरावांनी घेतला. ते ढकलून मशीन बंद पाडतात हे ठाऊक असल्यानं श्यामलाताईंनी त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला. पोरं ओरडत होती, "काका, लेफ्ट, लेफ्ट." काकांनी त्या दिवशी घरी कधी केले नव्हते एवढे गुण केले.

"काकू, महिन्यातून एकदा येऊन बघाल का हिला?" पुष्करनं विचारलं. "माझ्या दोन मित्रांकडे पण आहेत. नुसतीच शोला ठेवलीत, चालत नाहीत."

श्यामलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मला विचारतेस?" अवधूतराव म्हणाले. "ये की. मी पण येईन. पण कॉफीचे पैसे देणार नाही. अडीचशे रुपयांत मी माणसाला अख्खी बाग लावून देतो."

तेव्हापासून दुसऱ्यांची मशिनं उघडायला त्यांना बोलावणी येतात. कधी मुंबईहून, एकदा गोव्याहून. त्याचे पैसे मिळतात. तिन्ही मशिनांवर घातलेले सगळे काही वसूल झाले नाहीत आणि होणारही नाहीत. शिवाय हौस गेलेली नाही. गेल्या वर्षी त्यांना नाशिकला एक फार जुनं मशीन दिसलं. रीतसर विचारलं. अवधूतराव नाही म्हणाले. आठवडाभरानं जेवताना त्यांनीच विचारलं, "ते नाशिकचं गेलं का कुणाला?" गेलं नव्हतं.

ओटाही झाला, काळ्या दगडाचा, खाली ट्रॉल्या. काम चाललं होतं तेव्हा त्या दोघांचं जेवण आमच्याकडे असायचं. अवधूतराव माझ्या आमटीला दोन दिवस चांगली म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी, "आज गरम पाणी छान झालंय," असं म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं.

परवा मी वाटी परत द्यायला खाली गेले होते. नाशिकचं मशीन मागच्या खोलीत पोट उघडून पडलं होतं. श्यामलाताई कंबरेपर्यंत आत, बाहेर नुसते पाय. अवधूतराव स्टुलावर बसून विजेरी धरून होते. तेवढ्यात वल्लरीचा फोन आला. त्यांनी विजेरी न हलवता दुसऱ्या हातानं तो उचलला.

"आई कामात आहे," ते म्हणाले. "मीही आहे. नंतर कर."