पंपाला घाई नाही

सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत मी साहेबलोकांना ऐकायला शिकवतो. ‘समोरच्याला वाक्य पूर्ण करू द्या’ ही माझी सगळ्यात लाडकी स्लाइड. तर डमडमच्या आमच्या घरी पाण्याचा पंप कुरकुरू लागला, तेव्हा आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मी दारातच बिघाड समजावून सांगायला लागलो.

त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, पंप चालू केला, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. कपॅसिटरच गेलाय, हे मी सांगतच होतो. त्यांनी पंप बंद केला. मी थांबलो, तसा त्यांनी चालू केला. मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा त्यांनी तो पुन्हा बंद केला आणि अगदी अदबीनं म्हणाले, “पहले आप बोल लीजिए, दादा. पंप को कोई जल्दी नहीं.”

मी गप्प बसलो. दोन मिनिटांत ते म्हणाले, “बेअरिंग.” माझा कपॅसिटर ठणठणीत होता. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मलाच किती सांगायचं होतं!

त्या संध्याकाळी मुलगी शाळेतलं काहीतरी सांगू लागली. ती इथेच, बंगाली बोलणाऱ्यांत वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी मध्येच अडखळतं आणि पुढचं वाक्य दरवेळी मीच पूर्ण करतो. मी त्याला मदत म्हणतो. तेव्हाही ती अडली. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि वाट पाहत राहिलो.

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, “बाबा, तुला बरं नाहीये का?”