लेलंडनं लावलेलं फाटक

दुसऱ्याच्या रानात शिकार करायची तर आधी त्या माणसाच्या दारात उभं राहायला शिकावं लागतं. लेलंड कुबिस्टाला पहिल्या वर्षी एवढंही ठाऊक नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या एका कागद गिरणीत पाळीवर राबणारा माणूस. स्वतःची म्हणावी अशी जमीन म्हणजे घरामागचा कपडे वाळत घालण्यापुरता तुकडा. हरणं सगळी शेतकऱ्यांच्या टेकड्यांवर. तेव्हा हे महाशय शिकारीचे दिवस सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी, ऐन धारांच्या वेळी, वर्लिन ओसेनच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या तुमच्या रानात बसलो तर चालेल का?"

वर्लिननं गाईजवळून मान वर न करता सांगितलं, "नाही."

लेलंड परत गेला तो शिव्या घालतच. पण पुढच्या जुलैत पुन्हा त्याच रस्त्यानं जाताना त्यानं पाहिलं, ओसेनांच्या वरच्या शेतात गवताचे गठ्ठे बांधून पडलेत, आभाळ भरून आलंय आणि वर्लिन एकटाच ते ट्रॉलीवर चढवतोय. लेलंडनं गाडी कडेला लावली आणि काही न विचारता गठ्ठे उचलायला लागला. संध्याकाळी वर्लिनची बायको आर्डिस त्याला आत जेवायला घेऊन गेली. तो जेवला, आभार मानले आणि हरणाचं अवाक्षरही न काढता घरी गेला. ऑगस्टमध्ये पुन्हा आला, तेव्हा वर्लिननंच विषय काढला.

"तू तोच ना रे, धारांच्या वेळी कडमडलेला?"

"हो, तोच."

"मग आता विचार की. आता हात मोकळे आहेत माझे."

अशी सुरुवात झाली. त्यानंतर दरवर्षी ऑगस्टमध्ये लेलंड तोंडानं परवानगी मागायला यायचा. उत्तर काय मिळणार हे दोघांनाही माहीत असायचं, तरी विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही, असा त्या टेकड्यांमधला रिवाज आहे. गाडी कुठे लावायची, ओल्या शेतातून का जायचं नाही, सोबत कुणाला आणायचं नाही, हे वर्लिननं एकदाच सांगितलं होतं. आणि फाटकाबद्दल तर बोट नाचवून सांगितलं होतं. "उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं दिसलं तर लावायचं. तिथं आपली अक्कल चालवायची नाही."

लेलंड हे सगळं पाळायचा. हरीण मारलं की पाठीचं मऊ मांस पांढऱ्या कागदात गुंडाळून आधी आर्डिसच्या हातात द्यायचा. मोडलेलं कुंपण दिसलं की तार ताणून यायचा. वर्लिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गिरणीतली पाळी संपवून थेट गोठ्यात यायचा आणि धारा काढून मगच घरी जायचा. गिरणीतली माणसं त्याला सोडतात होय? जेवणाच्या सुट्टीत डेल नावाचा एक टवाळ सगळ्यांसमोर विचारायचा, "काय रे लेलंड, त्या म्हाताऱ्याशी लग्न कधी करतोस? मानपान तर सगळा सुरू झालाय!" लेलंडची बायको डोरीन हसत नसे. ती म्हणायची, गोठ्यातच अंथरूण घाल. शेवटी एका वसंतात ती कायमची घर सोडून गेली, आणि मग या माणसासाठी कुणी ताट मांडावं असं एकच स्वयंपाकघर जगात उरलं. ते ओसेनांचं.

म्हणून तो भिऊन असायचा. हरणाचं त्याला फारसं काही राहिलं नव्हतं. एवढी एक जागा हातची जाईल, ही ती भीती. पलीकडच्या टेकडीवरच्या शेतकऱ्यानं सगळ्या शिकाऱ्यांना बंदी केली होती. कुणीतरी फाटक सताड उघडं टाकून गेलं, गाय रस्त्यावर आली आणि ट्रकखाली गेली. कुणी उघडं टाकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. हकनाक सगळ्यांचीच वाट बंद झाली.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शिकारीच्या पहिल्याच शनिवारी लेलंडनं एक नर पाडला. अंधारून येत होतं. हरीण ओढत तो मागच्या कुरणाजवळ आला तर कुरणाचं फाटक पूर्ण उघडं. आत वर्लिनच्या गाभण कालवडी, लवकरच व्यायला आलेल्या. त्या कालवडी म्हणजे ओसेनांचा पुढचा गोठाच. दुपारी कुंपणापलीकडे त्याला एका अनोळखी शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट दिसलं होतं. त्यानं लगेच हिशेब केला की शहरातलं कुणीतरी घुसलं, फाटक उघडं टाकून पळालं आणि खापर आता माझ्या डोक्यावर फुटणार. विचारायला घरी गेला तर खिडक्या काळ्या. दोघंही चर्चमधल्या माशांच्या जेवणाला गेलेली. लेलंड परत वर गेला. कालवडी आत आहेत हे पाहिलं, फाटक ओढून लावलं, साखळी अडकवली. वर स्वतःलाच शाबासकी दिली.

ते फाटक वर्लिननंच उघडं ठेवलं होतं. वरच्या हौदाचा पाइप त्या थंडीत गोठला होता, म्हणून कालवडींना खाली गोठ्याजवळच्या गरम हौदावर पाण्याला येता यावं, यासाठी.

रविवारी दिवसभर बर्फाळ पाऊस पडला. हौदावर एकही कालवड दिसेना, पण वर्लिनला वाटलं, बंदुकांच्या आवाजानं बिचकून झाडीत बसल्या असतील. दरवर्षी बसायच्याच. सोमवारी तो वर गेला तेव्हा फाटक बंद होतं आणि कुरणाच्या टोकाच्या तळ्यावर गोठलेला बर्फ फुटलेला होता. तो बर्फ माणसाला पेलेल इतपत होता, गाभण कालवडीला पेलेल असा नव्हता. तहानेनं एक पुढे गेली असणार, आणि तिच्यामागून बाकीच्या. काठावर दोघी उरल्या होत्या, पाण्याकडे तोंड करून हंबरत.

लेलंडला यातलं काहीच माहीत नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी तो मांसाचं पुडकं घेऊन हसत हसत स्वयंपाकघरात शिरला. आर्डिसनं पुडकं घेतलं आणि न उघडता ओट्यावर ठेवून दिलं. वर्लिन टेबलाशी बसला होता. समोरची कॉफी गार झालेली.

"कालवडी गेल्या, लेलंड," आर्डिस म्हणाली. "तळ्यात."

तिनं सगळं सांगितलं. पाइप, हौद, फाटक. लेलंड उभाच होता. फाटकाचं नाव निघालं तेव्हा त्याला शनिवारी अडकवलेली साखळी आठवली.

"मला चांगलं आठवतंय, मी उघडलं," वर्लिन म्हणाला. "उघडलं, पार मागे ढकललं. पण मग बंद कसं सापडलं? हिला वाटतं, परतताना मीच लावून आलो. जन्मभर फाटकं लावत आलोय, हाताला सवय. मागच्या महिन्यात धारांच्या यंत्राची मोटार चालू ठेवून झोपलो होतो की नाही मी?" मग त्यानं लेलंडकडे पाहिलं. "तू शनिवारी तिकडूनच उतरलास ना? कसं होतं रे फाटक? उघडं की लावलेलं?"

एका शब्दाचं उत्तर होतं, आणि म्हाताऱ्याचा लेलंडच्या त्या शब्दावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. लेलंडला टेबलावर आपल्यासाठी मांडलेली बशी दिसली. आर्डिसनं एवढ्या दुःखातही ती मांडली होती.

"लावलेलं होतं," तो म्हणाला.

वर्लिननं हळूच मान हलवली. "बघ. म्हणजे मीच."

माणूस वाईट होता का? नव्हता. भित्रा होता. पण त्या टेबलाशी त्याच्या भित्रेपणानं जे केलं ते एखाद्या दुष्टालाही साधलं नसतं.

त्या हिवाळ्यात वर्लिन विसरत नव्हता. त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. शेगडी बंद केली का ते पाहायला जेवणावरून उठायचा. गाईला औषध टोचायच्या आधी आर्डिसला हाक मारायचा, "आता दिलं नाही ना मी हिला?" ट्रॅक्टरची किल्ली त्यानं आपणहून तिच्या हवाली केली. लेलंड दर रविवारी येऊन शेण काढायचा, लाकडं फोडायचा, आणि दर रविवारी ठरवायचा की आज सांगायचं. मग वर्लिन म्हणायचा, "तू आहेस म्हणून निभतंय बाबा," आणि हा पुढचं लाकूड फोडायला घ्यायचा.

एप्रिलमध्ये वर्लिननं गोठा विकायला काढला. "माझ्या हातून आता एखादं माणूस मरायचं," एवढंच कारण त्यानं दिलं. लिलावाच्या दिवशी अंगण गाड्यांनी भरलं. एकेक गाय दोरीला धरून लोकांसमोर फिरवायचं काम लेलंडकडे आलं, कारण गाई त्याला ओळखत होत्या. वर्लिन गोठ्याच्या दारात उभा राहून प्रत्येकीचं नाव सांगायचा. कुणाची आई कोण, कुणाला उजव्या बाजूनं धार काढलेली खपत नाही, सगळं धडाधड, एकदाही न अडखळता. विकत घेणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला सुद्धा, "म्हाताऱ्याचं डोकं तर आपल्यापेक्षा ठीक दिसतंय." लेलंडनं ते ऐकलं आणि गाईच्या मानेआड तोंड लपवलं.

ऑगस्ट आला. परवानगी मागायचा महिना. लेलंड मनाशी पक्कं करून निघाला की आज परवानगी मागायची नाही, खरं सांगायचं आणि ऐकून घ्यायचं. आर्डिस मागच्या पायरीवर शेंगा निवडत बसली होती. वर्लिन आत पलंगावर पडला होता. लेलंडनं तिलाच सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात.

आर्डिसचे हात थांबले. 

"त्यानं तुला तोंडावर विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"माझ्यासमोर. आणि तू माझ्या टेबलाशी उभा राहून..." तिनं मूठभर शेंगा परातीत फेकल्या. "तो मला रोज सकाळी विचारतो, 'आर्डिस, अजून काय काय विसरलो असेन मी?' आणि मी काय सांगते माहितीये? सोड, वय झालंय. मी सांगते हे! चांगल्या शुद्धीतल्या माणसाला मी म्हातारचळ लागल्यासारखं वागवलं, तुझ्या एका शब्दावर."

"मी सांगतो त्यांना. आत्ता जाऊन सांगतो."

"खाली बस!"

तो बसला.

"काय सांगशील? की तुमचं डोकं ठिकाणावर होतं, गाई उगाच विकल्यात? रिकामा गोठा बघतोस ना तो? सकाळी धारांच्या वेळी उठून तो अजून तिथं जाऊन उभा राहतो. निदान एवढं तरी वाटतं त्याला, की माझ्यानं होत नव्हतं म्हणून विकलं. तेही काढून घेशील, आणि बदल्यात काय देशील? तुझी माफी?"

लेलंड मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. मी पुन्हा तोंड दाखवत नाही तुम्हाला."

"तेवढं सोपं नाही," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. "तू आला नाहीस तर तो विचारेल, लेलंड का आला नाही? मी त्याला काही बोललो होतो का? आणि बोललो ते विसरलो का? तू येशील. दर नोव्हेंबरला येशील, त्याच्यासमोर बसून जेवशील आणि तोंडातून शब्द काढणार नाहीस. मला तुझं तोंड बघवणार नाही, तरी मी वाढेन."

आत पलंग करकरला. जाळीचं दार ढकलून वर्लिन बाहेर आला, विजार वर ओढत, डोळे चोळत. लेलंडला पाहून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. दाराच्या चौकटीला धरून तो या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"लेलंड," त्यानं घाबरत विचारलं, "तू यंदाची परवानगी मागितलीस का रे माझ्याकडे? की मागितलीस आणि माझ्या लक्षात राहिलं नाही?"

आर्डिसनं शेंगांवरून नजर वर केली नाही.

"नाही वर्लिन," लेलंड म्हणाला. "तुम्ही काही विसरला नाहीत. मी अजून विचारलंच नव्हतं."

आणि त्यानं विचारलं.