आप्पांची मॅटाडोर: भोसरी ते लोणी

गाडी तयार झाली, पासिंग झालं, न निघायला काही सबबच उरली नाही, म्हणून आम्ही निघालो.

खरं सांगतो, जावंसं वाटत नव्हतं. माझ्या वडिलांना, आप्पांना, विसरण्याचा आजार आहे. वर्षात दोनदा घराबाहेर पडून हरवले. मी आणि बायको दिवसभर कामावर. म्हणून त्यांना लोणीला ताईकडे कायमचं ठेवायचं ठरलं. तिच्या घरी माणसं आहेत, मोकळं शिवार आहे, सगळं पटण्यासारखं. फक्त आप्पांना सांगायचं राहिलं होतं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, तीन दिवस फिरवू, वाटेत कुठेतरी सांगू.

ही मॅटाडोर आप्पांनी पंचवीस वर्षं नारायणगावचा टोमॅटो वाहायला चालवली. नंतर ती भोसरीत आमच्या घरासमोर गंजत पडली. तिचा कॅम्पर करायचं खूळ माझं. कुणी करणार असाल तर आधी तळाचा पत्रा बघा. आमच्या पत्र्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार जायचा. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, परत भरली. मागे प्लायचा पलंग, त्याखाली सामानाचे खण, खिडकीशी शेगडी. बॉडीत बदल करण्याआधी आरटीओत विचारा. मी शहाणा नंतर विचारायला गेलो आणि हेलपाटे घातले. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसत. माझं नाव चुकायचं, पण इंजिन सुरू केलं की म्हणायचे, "टॅपेट वाजतंय." आणि ते वाजतच असायचं.

पहिल्या दिवशी मंचर, नारायणगाव, जुन्नर. हायवे चांगला आहे, पण म्हाताऱ्या गाडीला पन्नासच्या वर ताणू नका. लिटरला दहा-अकरा देते. मंचरला मिसळ खाल्ली. तिथून निघाल्यावर आप्पांनी विचारलं, "भाडं कुठलं?"

ड्रायव्हर लोकांत भाडं म्हणजे गाडीत भरलेला माल.

"भाडं नाही आप्पा. नुसतं फिरायला चाललोय."

"रिकामी गाडी? डिझेल काय फुकट मिळतं का राव?"

रिकामी गाडी पळवणं त्यांना कधीच जमलं नाही. परतीला काही नसलं तर कुणाचा कडबा तरी भरून आणायचे. दर वीस मिनिटांनी तोच प्रश्न. शिवनेरी समोर दिसत होता, हवा गार होती, तिथेच सांगावं असं मनात होतं. तेवढ्यात त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी त्यांच्यावर खेकसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

रात्री ते पलंगावर झोपेनात. "मालाची जागा हाय ती," म्हणाले आणि पुढच्या सीटवरच अवघडून झोपले. एवढा खपून केलेला पलंग, त्यावर मी एकटाच.

दुसऱ्या दिवशी खोडद. आभाळ दिवसभर मळकट. शेतांपलीकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या बघून आप्पा म्हणाले, "एवढ्या पराती? कुणाचं लगीन हाय?" मी हसलो, तेही हसले. तो चांगला क्षण मोडवेना, म्हणून तेव्हाही सांगायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी बेल्हे, बाजाराचा दिवस. गाडी लांब लावा, आत टेम्पोंची गर्दी असते. मी चहा आणायला गेलो आणि परत येतो तर एक व्यापारी गाडीच्या नव्या तळावर दोन शेळ्या चढवत होता.

"अहो, काय चाललंय?"

"बाबा म्हनले, गाडी मोकळी हाय, लोणीला चाललीय. आमाला पारगावलाच उतरायचंय."

मी त्याला नको तितकं बोललो. शेळ्या उतरल्या, व्यापारी पुटपुटत गेला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन दिवसांत मी लोणीचं नाव काढलं नव्हतं.

"आप्पा, लोणी तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घरात बोलत व्हता ना तुमी दोघं. तेवढं ऱ्हायलं ध्यानात." ते सावकाश मागच्या दाराने चढले आणि पलंगावर आडवे झाले. "भाडं मीच हाय म्हन की. चल, ऊन व्हायच्या आत उतरव."

बेल्ह्याहून लोणीचा रस्ता तासाभराचा. कसा आहे ते मला सांगता येणार नाही, डोळे सारखे भरून येत होते. एकदा "आप्पा, मला माफ करा" म्हटलं. इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

ताईने भाकरी टाकल्या होत्या. आप्पा ओसरीवर असे बसले, जणू घर त्यांचंच. मी निघायला उठलो तर म्हणाले, "पावणं, च्या घेऊन जावा."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो.

आता मॅटाडोर पुन्हा घरासमोर उभी आहे. फोटो पाहून ओळखीचे लोक लिहितात, गाडी झकास झाली, वडिलांना फिरवून आणलंस, पुण्य लागेल. फिरवलं, ते खरं. आणलं नाही.