केवळाबाईचा उलटा हात

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या ह्यांची उस्मानाबादहून नव्या कलेक्टर कचेरीत बदली झाली. नव्या जिल्ह्याचा थाट मोठा, पण नळाला पाणी नाही. दुष्काळच तसा पडला होता. टँकरवर बायकांच्या झिंज्या ओढल्या जात होत्या, आणि तरी साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना कूलर हवा होता. पाणी नसेल तर नुसता वारा घ्यायचा. हौसेला काय म्हणावं!

कूलर ईश्वरप्पांच्या दुकानातून घ्यायचा, आणि केवळाबाईनं पास केलेलाच घ्यायचा, हा गल्लीचा नेम. केवळाबाई भीमनगरची. नवरा विजेच्या खांबावर काम करताना गेला. दुकानात झाडू मारायला लागली आणि हळूहळू तिथली परीक्षकच झाली. गिऱ्हाईक समोर उभं असायचं. ती चपला काढायची, वस्तू चालू करायची, डोळे मिटायची आणि हाताची उलटी बाजू पत्र्यावरून फिरवायची, गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावी तशी.

"उलटाच हात लावावा, ताई," ती मला म्हणाली होती. "तळव्यानं धरलं की मूठ आवळती, मग करंट सोडत न्हाई."

हाताला मुंग्या आल्या तर 'न्हाई', नाही आल्या तर 'पास'. मला ते बघताना यंत्राच्या आत कुणीतरी दबा धरून बसलंय आणि ही त्याला चाचपतेय, असं वाटायचं. तरी आमचा कूलर तिनंच पास केला.

मे महिन्यात एका दुपारी दुकानात घागर कलंडली. ओल्या फरशीवर उभं राहून केवळाबाईनं नुकत्याच पास केलेल्या कूलरला हात लावला, आणि तो हात असा झिडकारला गेला की ती भिंतीवर आपटली. उठली ती पांढरीफटक. मी तिथंच होते.

"समदे कूलर म्या कोरड्या फरशीवर बघितले," ती म्हणाली. "करंट आत होताच. पायाखाली ओल नव्हती म्हनून मला कळला न्हाई."

ईश्वरप्पा खवळले. दुसऱ्या दुकानदारानं फितवलं म्हणाले आणि तिला कामावरून काढलं. ती दारोदार फिरली, "कूलर बंद ठेवा" म्हणून विनवत. लोक हसले. पास तर तूच केलास ना, म्हणाले. आमच्या ह्यांनीही साफ नकार दिला. त्या उन्हाळ्यात वारा कोण सोडणार?

मग आवाज सुरू झाला. तिन्हीसांजेला आमच्या मागच्या भिंतीपलीकडून गटगट, गटगट. भिंतच पाणी पितेय जणू. देवापुढचा दिवा तसाच टाकून मी मागे गेले. केवळाबाई उकिडवी बसली होती. अर्थिंगची तार जिथं जमिनीत उतरते, त्या खड्ड्यात लोटा ओतत होती आणि पुटपुटत होती, "पी, माय, पी."

"केवळाबाई! काय करताय हे?"

"जिमीन तहानली, ताई. तिला ओल असली तर करंट ती गिळती. न्हाई तर मानसाला धरती." ओठ फुटले होते तिचे. स्वतःच्या वाट्याचं टँकरचं पाणी ती घरोघरच्या खड्ड्यांत ओतत होती. त्यातल्या निम्म्या घरांत तिला प्यायला पाणी देताना भांडं वरून धरायचे. मला तिची भीती वाटली आणि स्वतःची लाजही.

गल्लीत बभ्रा झाला, करणी करते म्हणून. शेजारच्या माणिकप्पांनी तिचा लोटा लाथेनं उडवला.

"आमच्यात भूत न्हाई, करनी न्हाई, काका. धम्म घेतला तवाच आमी सोडलं त्ये," ती एवढंच बोलली. माणिकप्पांनी आपल्या घरच्या खड्ड्यावर शहाबादी फरशी ठेवली आणि वर दगड रचले. त्यानंतर केवळाबाई रोज त्या फरशीपाशी थबकायची आणि पुढं जायची.

आणि एक दिवस नळ आला. गल्ली नाचली! अंगणं ओली झाली, कूलर भरले. आमच्या कूलरच्या पत्र्याला मी उलटा हात लावला, नुसत्या मुंग्या आल्या; आमचा खड्डा तिनं ओला ठेवला होता. तेवढ्यात केवळाबाई पदर सावरत धावत गेली, "सिंधुबाई, हात लावू नगा!" ओरडत. सिंधू म्हणजे माणिकप्पांची सून.

मी पोहोचले तेव्हा सिंधू उंबऱ्यात पडून रडत होती, जिवंत. कूलरला चिकटली होती ती. केवळाबाईनं एका हातानं तिला ओढून बाहेर फेकलं, आणि ओल्या फरशीवर पाय घसरून दुसरा हात पत्र्यावर टेकला. मेन बंद केल्यावरही तो तिथंच होता, तळव्यानं धरलेला.

केवळाबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पुन्हा तोच आवाज आला. गटगट, गटगट, आणि मधूनच पुटपुट. दिवा घेऊन मी मागे गेले.

शहाबादी फरशी बाजूला पडली होती. माणिकप्पा उकिडवे बसून भरली घागर खड्ड्यात रिकामी करत होते. "पी, माय, पी," म्हणत होते आणि लहान पोरागत रडत होते.