टेकडी उलटी वाचणारा संघदीप

राजूरला जाणाऱ्या रस्त्यावर संघदीपचं टायरचं दुकान आहे. कोळशाच्या ट्रकांचे टायर माणसाच्या छातीला लागतात. संघदीप ते एकटा उतरवतो, आडवे पाडतो, ट्यूब पाण्याच्या टाक्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत बसतो. बारावीच्या वर्षी वडील गेले आणि दुकान त्याच्याकडे आलं. त्याबद्दल त्याची कुरकूर कोणी ऐकलेली नाही. मागच्या खोलीत त्याने बंद पडलेल्या सायबर कॅफेतला एक संगणक आणून ठेवला आहे. गिऱ्हाईक नसलं की तो तिथे जातो आणि ओर्वेनमध्ये शिरतो.

ओर्वेन म्हणजे एक खेळ. जादूच्या तलवारी, बोलणारे लांडगे, राण्या आणि राक्षस. त्याचे तीन भाग निघाले. तिन्हींत तीच टेकडी आणि तेच तळं. राज्यं मात्र वेगळी. एकात काळं राज्य, एकात पिवळं, एकात राखाडी. यातलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे बनवणाऱ्यांनी सांगितलंच नाही. मग जगभरचे खेळणारे त्यावर भांडायला लागले. त्यातला एक राजूरच्या रस्त्यावरून भांडत होता.

निशिगंधा त्याच्या शाळेतली. मराठीत एम.ए. झाली. उन्हाळ्यात एका कॉलेजात मुलाखतीला गेली. समोरच्या बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या भागाबद्दल काही सांगा." "विशेष काही नाही मॅडम, कोळसा आहे," एवढं म्हणून ती थांबली, ती पुढच्या सगळ्या प्रश्नांना थांबलेलीच राहिली. घरी आली आणि पुस्तकं पेटीत टाकली. दिवाळीनंतर दुसऱ्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. मी जाणार नाही, असं तिने आईला सांगून टाकलं.

अशात एका सकाळी संघदीप आला. हात ग्रीसचे, म्हणून अंगणातच उभा राहिला.

"काकू, निशी आहे का?"

"आहे. पण कोणाशी बोलून नाही राह्यली ती."

"मले बी बोलायचं नाही. मले तिचं तोंड उसनं पाहिजे."

आत निशिगंधाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. ती बाहेर आली.

काम असं होतं. यवतमाळचा राजदीप दर रविवारी दुपारी इंटरनेटवर मराठीतून खेळांचा थेट कार्यक्रम करायचा. त्यात संघदीपला आपला सिद्धांत मांडायचा होता. मागे एकदा तो बोलला होता. त्याच्या 'मले-तुले'वर ऐकणारे इतके हसले, की मुद्दा राहूनच गेला.

"माह्यावर हसले तं हसू दे," तो म्हणाला. "पण टेकडीवर नाही हसाले पाहिजे."

निशिगंधा दुकानात गेली, आडव्या पाडलेल्या टायरवर बसली. तो सांगू लागला.

"खेळातल्या टेकडीत तीन थर आहेत. खाली काळ्या राज्याची मडकी, मधात पिवळ्याची, वर राखाडीची. सगळे म्हंतेत, खालचं जुनं. म्हून काळं राज्य पयलं. येडे आहेत."

"काहून? बरोबर तं आहे."

"बरोबर कायचं? हे पाय."

त्याने मागचं दार उघडलं. समोर ओबीचा ढीग होता. खदानीत कोळशावरची माती काढून टाकतात, तिचा झालेला डोंगर.

"खंदताना पयले वरची काळी माती निघते. डंपर ती पयले टाकते, म्हून ती खाली जाते. तिच्यावर पिवळी. पार खालचा दगड शेवटी निघते, तो जाऊन बसते वर. म्हंजे जुनं वर अन् नवं खाली. अन् टेकडीजवळचं तळं म्हंजे पाणी भरलेली खदान. आपल्या इथं आहे तशीच. तिच्यातूनच टेकडी निघाली, म्हून राखाडी राज्य पयलं."

निशिगंधा बघत राहिली. पायथ्याशी काळं, मधे पिवळट, माथ्यावर राखाडी. लहानपणापासून तिने त्या ढिगाला धुळीबद्दल शिव्या घातल्या होत्या. इथे अख्खी जमीन पालथी करून ठेवली आहे, हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

रविवारी ती दुकानातूनच बोलली. लिहून आणलेलं शुद्ध, ठाशीव वाचलं. कोणी हसलं नाही. मग राजदीपने विचारलं, "पण ताई, अशी उलटी टेकडी असते कुठे?"

हे कागदावर नव्हतं. तीच मुलाखत, त्याच बाई. तिने संघदीपकडे पाहिलं. त्याने माइक घेतला नाही. नुसतं मागचं दार उघडलं.

"माझ्यासमोर आहे," ती म्हणाली. आणि बोलत सुटली. डंपर, धूळ, ढिगावर उगवलेल्या बाभळी, हिरव्या पाण्याची जुनी खदान. मधेच कुठेतरी तिचंही 'मले' झालं. तिला कळलंही नाही. राजदीप शेवटी एवढंच म्हणाला, "ताई, आता मी यवतमाळहून तुमचा ढीग पाहायला येतो."

घरी जाऊन तिने आईला सांगितलं, "मी जाते मुलाखतीला."

मुलाखतीच्या आदल्या दुपारी ओर्वेनचा चौथा भाग आला. दोघं मागच्या खोलीत बसले. पडद्यावर मोकळं माळरान. ना टेकडी, ना तळं. काळ्या झेंड्याची माणसं चालत आली आणि त्यांनी पहिली चूल मांडली. खाली अक्षरं उमटली: जगाचा पहिला दिवस.

काळं राज्यच पहिलं होतं. येडे म्हटलेले सगळे बरोबर निघाले.

"गेली टेकडी," निशिगंधा म्हणाली. उद्या मुलाखतीत ढिगाबद्दल जे सांगायचं होतं, ते या माणसाच्या चुकीवर उभं होतं. "आता मी तिथं काय सांगू रे?"

संघदीप हसला. "खेळातली टेकडी त्यायची होती, म्या आपली समजलो. आपली कुठं चुकली? डंपर तं आताबी माती टाकून राह्यला. आईक."

तिने ऐकलं. खरंच टाकत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बसमधून दुकानासमोरच उतरली. संघदीप टाक्यावर वाकला होता.

"विचारलं का त्यायनं?"

"विचारलं. भागाबद्दल सांगा म्हणाले. ढीग सांगितला. एक सर म्हणाले, हे सुचलं कसं? मी म्हणाले, मित्राच्या चुकीवरून."

"माहं नाव घेतलं?"

"घेतलं."

"अन् चुकलो ते?"

"तेही सांगितलं. सोमवारपासून या म्हणाले. तासिका तत्त्वावर आहे, पण या म्हणाले."

"मंग बरं झालं चुकलो," संघदीप म्हणाला. ट्यूब पाण्यात दाबून तो बुडबुडे शोधू लागला. निशिगंधाने पर्स टायरवर ठेवली, बाह्या सारल्या आणि ट्यूबची दुसरी बाजू पाण्याखाली धरली.